वाचलेले परीक्षेत आठवत नाही : दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना मानसशास्त्र शिकवत असताना एक तक्रार दरवर्षी, परीक्षा जवळ आली की हमखास माझ्याकडे येते : "मॅडम, वाचलेलं असतं, पण पेपरात आठवत नाही." ही तक्रार घेऊन येणारे विद्यार्थी बहुधा कष्टाळू असतात. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी नवे गाइड घेतलेले असते, क्लास बदललेला असतो, पहाटे चारचा गजर लावून पाहिलेला असतो आणि कधीकधी घरच्यांनी स्मरणशक्तीच्या गोळ्यांवरही पैसे घातलेले असतात. दोष कोठे आहे हे न पाहता केलेले हे उपाय असल्यामुळे त्यांतला एखादा लागू पडला तरी तो योगायोगाने पडतो.

मानसशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात स्मृतीचे तीन टप्पे शिकवले जातात : संकेतन, साठवण आणि प्रत्यानयन, म्हणजे माहिती आत जाणे, टिकणे आणि वेळेला बाहेर येणे. विद्यार्थी हे टप्पे पाच गुणांच्या प्रश्नासाठी पाठ करतात आणि स्वतःच्या अभ्यासाला मात्र लावून पाहत नाहीत. खाली दिलेल्या तपासण्या याच टप्प्यांवर उभ्या आहेत. त्यांचा क्रम सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जाणारा आहे. तो शक्यतो मोडू नये, कारण बहुतेकांचा दोष पहिल्या चार तपासण्यांतच सापडतो.

आधी लक्षणे पाहावीत

"आठवत नाही" या एका तक्रारीखाली निरनिराळे दोष दडलेले असतात, म्हणून आपले लक्षण कोणते ते आधी ठरवावे.

काहींना वही समोर असेपर्यंत सगळे येते असे वाटते आणि वही मिटली की दोन वाक्यांपलीकडे जाता येत नाही. काहींना वाचल्याच्या दिवशी सगळे सांगता येते, पण आठ-दहा दिवसांनी तो धडा नव्यानेच वाचत असल्यासारखे वाटते. काहींची नजर पानाच्या तळापर्यंत पोहोचते तेव्हा वर काय होते याचा पत्ताच नसतो. गणित, हिशेब किंवा भौतिकशास्त्र असलेल्यांना प्रकरणाखालची उदाहरणे सुटतात, पण मिश्र प्रश्नपत्रिकेत कोणते सूत्र लावायचे ते सुचत नाही. शेवटी असेही विद्यार्थी असतात ज्यांना घरी सगळे येते, प्रश्नपत्रिका हातात पडताच डोके रिकामे होते आणि परीक्षागृहाच्या बाहेर पडल्यावर व्हरांड्यात उत्तर आठवते. हे शेवटचे लक्षण सगळ्यांना आपलेच वाटते, परंतु नीट विचारल्यावर त्यांतल्या पुष्कळांचे लक्षण पहिले असल्याचे दिसून येते.

पहिली तपासणी : कोरा कागद

जो धडा "पक्का झाला आहे" असे वाटते तोच घ्यावा. वही आणि पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवावे, कोरा कागद घ्यावा आणि दहा मिनिटे त्या धड्यातले जे आठवेल ते लिहावे. क्रम आणि शुद्धलेखन यांची चिंता करू नये. मग वही आणून काय सुटले ते लाल शाईने त्याच कागदावर भरावे.

मागे एका विद्यार्थिनीने अर्थशास्त्राची वही आणली होती. तिच्या पानापानावर पिवळा आणि गुलाबी हायलायटर इतका फिरला होता की न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. मागणीच्या लवचीकतेचे प्रकरण तिने कितीतरी वेळा वाचले होते आणि ते पक्के असल्याबद्दल तिला शंका नव्हती. मी वही मिटून कागद पुढे केला. तिने शीर्षक लिहिले, खाली रेघ मारली, "प्रकार" असे लिहून एक ते पाच आकडे घातले, आणि तिसऱ्या आकड्यापाशी पेन थांबले. पुढे बराच वेळ ती पान डाव्या बाजूला होते, वर आकृती होती, असे सांगत राहिली. पानाचा चेहरा तिला पाठ होता आणि पानावरचा मजकूर तिला स्वतःहून उभा करता येत नव्हता.

हा फरक मानसशास्त्रात प्रत्यभिज्ञा (ओळखणे) आणि प्रत्यावाहन (आठवणे) या दोन संकल्पनांनी सांगितला जातो. समोर आलेली गोष्ट ओळखणे सोपे असते आणि समोर काही नसताना ती आठवणे कठीण असते. निकर्सन आणि अॅडम्स या संशोधकांनी १९७९ साली अमेरिकन लोकांना रोजच्या वापरातले एक सेंटचे नाणे स्मरणातून काढायला सांगितले, तेव्हा बहुतेकांना त्यावरचे तपशील नीट दाखवता आले नाहीत. हजारो वेळा पाहिलेली वस्तूही केवळ पाहिल्याने मनात साठत नाही. तीच वही पुन्हा पुन्हा वाचली की मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे असा समज होतो. लेखी परीक्षा मात्र बहुतांशी प्रत्यावाहन मागते.

उपाय तपासणीतच आहे. वाचून झाल्यावर पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून लिहावे किंवा मोठ्याने सांगावे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर यांच्यावरचे छोटे उतारे दिले होते. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते : आपल्याला पुढे किती आठवेल याचा अंदाज विचारला, तेव्हा नुसत्या वाचणाऱ्यांनीच तो जास्त बांधला होता. म्हणून "माझे झाले आहे" या स्वतःच्या भावनेवर विसंबू नये, कागदावर विसंबावे. खासबागेत बसून वर्षानुवर्षे कुस्त्या पाहणाऱ्याला प्रत्येक डाव ओळखता येतो, पण तो डाव मारता येण्यासाठी तालमीच्या मातीत उतरावे लागते.

सुरुवातीला कागद निम्मा कोरा राहील आणि वाईट वाटेल. त्यामुळे थांबू नये. आठवण्याचा तो ताण हाच अभ्यासाचा परिणामकारक भाग आहे. आठवडाभर रोज एका धड्यावर हे केल्यावर लाल शाई कमी होऊ लागली, तर दोष सापडला असे समजून पुढच्या तपासण्या सोडून द्याव्यात.

दुसरी तपासणी : लक्ष कोठे जाते

पान संपले तरी काय वाचले ते माहीत नसेल, तर तो दोष स्मृतीचा नाही, अवधानाचा आहे. ज्याकडे लक्षच दिले गेले नाही त्याचे संकेतन होत नाही, आणि जे आत गेलेच नाही ते आठवण्याचा प्रश्न येत नाही.

वीस मिनिटे वाचायला बसावे आणि शेजारी कागद ठेवून लक्ष दुसरीकडे गेल्याचे जाणवताच त्यावर एक उभी रेघ ओढावी. एकदा मोबाइल टेबलावर ठेवून आणि एकदा तो दुसऱ्या खोलीत ठेवून हा प्रयोग करावा. दोन्ही वेळच्या रेघांत मोठा फरक पडला, तर उत्तर मिळाले. मोबाइल पालथा घालून ठेवणे पुरेसे नाही. कधी काय येईल हे ठाऊक नसलेले बक्षीस वर्तन सर्वाधिक चिवटपणे टिकवून धरते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रबलनाच्या (बक्षिसाने वर्तन पक्के होण्याच्या) प्रयोगांतून दिसलेले तत्त्व आहे, आणि संदेश नेमका तसाच अनिश्चितपणे येतो. मनाला बजावत राहण्यापेक्षा वस्तूच हाताच्या अंतरापलीकडे ठेवणे सोपे पडते. अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी मोबाइल बंद करून दप्तराच्या तळाशी टाकावा.

वसतिगृहात राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केल्यापासून हे शहर खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आसरा देत आले आहे, आणि आजही गडहिंग्लज, राधानगरी, चंदगडकडची मुले एका खोलीत तिघे-चौघे राहून शिकतात. अशा खोलीत शांतता मागून मिळत नाही. खोलीतल्या सर्वांनी मिळून रोजचे दोन तास ठरवून घ्यावेत, आणि ते जमत नसेल तर जड विषय वाचनालयात व लिहून काढायचे काम खोलीत अशी विभागणी करावी.

तिसरी तपासणी : झोप

सात दिवस झोपण्याची आणि उठण्याची खरी वेळ लिहून काढावी. अंदाजाने सांगितलेली झोप बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली जाते. परीक्षेच्या महिन्यात पाच तास झोपणारी मुले मला सर्रास भेटतात, आणि घरात त्यांचे त्याबद्दल कौतुकही होत असते.

झोप हा वाया गेलेला वेळ नाही. जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली दाखवून दिले की पाठ केल्यानंतर तेवढेच तास जागे राहिलेल्यांपेक्षा झोपलेल्यांचे विस्मरण कमी होते. त्यांच्या प्रयोगात दोनच विद्यार्थी होते, परंतु झोपेत आठवणी पक्क्या होतात या मताला नंतरच्या पुष्कळ संशोधनाने बळ दिले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेले प्रकरण दुसऱ्या दिवशी निसटते आणि आधीचे आलेलेही सुचत नाही, याचे कारण बुद्धीत शोधू नये. संध्याकाळनंतरचा चहा बंद करून झोपेची वेळ तासाभराने अलीकडे आणावी आणि आठवडाभर कोऱ्या कागदाचा निकाल पाहावा.

चौथी तपासणी : दोन वाचनांमधले अंतर

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या स्वतःच पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा जो वक्र मांडला, तो अभ्यासाच्या वेळापत्रकाशेजारी लावून ठेवावा इतका उपयोगी आहे. तीच यादी नव्याने पाठ करताना पहिल्या वेळच्या श्रमांपैकी किती वाचतात यावरून ते स्मरण मोजत असत. तासाभरातच ही बचत निम्म्याखाली येई आणि एका दिवसाने जेमतेम एक तृतीयांश उरे. पुढे मात्र घसरण मंदावे. अर्थपूर्ण धडा इतक्या वेगाने विसरला जात नाही, तरी वक्राचा आकार साधारण तसाच असतो : सुरुवातीला तीव्र उतार, नंतर सपाटी.

त्यामुळे एका रविवारी सलग पाच तास इतिहास आणि मग महिनाभर इतिहासाचे पुस्तक बंद, असे वेळापत्रक असेल तर दोष तेथेच आहे. तेच पाच तास तुकड्यांत वाटावेत. धडा वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी, नंतर चार-पाच दिवसांनी आणि नंतर पंधरवड्याने त्याकडे परत यावे, आणि प्रत्येक वेळी आधी न पाहता आठवून मगच पुस्तक उघडावे. गणेशोत्सव आणि दिवाळी या काळात ही साखळी हमखास तुटते. त्या दिवसांत नवे काही वाचले नाही तरी चालेल, पण जुन्या धड्यांचे दहा मिनिटांचे आठवणे चालू ठेवावे. कागल किंवा पन्हाळ्याहून एसटीने रोज ये-जा करणाऱ्यांना यासाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही. हलत्या गाडीत वाचण्यापेक्षा डोळे मिटून कालच्या तासाचे मुद्दे मनात मांडावेत आणि उतरल्यावर वहीशी ताडून पाहावेत.

मिश्र प्रश्नपत्रिकेत सूत्र न सुचणाऱ्यांनी याच वेळी आणखी एक बदल करावा. एकाच प्रकाराची वीस उदाहरणे सलग सोडवताना कोणती रीत लावायची याचा निर्णय घ्यावाच लागत नाही, आणि परीक्षा तोच निर्णय मागते. चार प्रकरणांतली पाच-पाच उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून, मिसळून सोडवावीत. वेग कमी होईल आणि चुका वाढतील, पण त्या सरावातच व्हायला हव्यात.

पाचवी तपासणी : डोळे आणि रक्त

या तपासणीला थोडा खर्च येतो. फळ्यावरचे अंधूक दिसणे, वाचताना कपाळ दुखणे, ओळ चुकणे असे काही असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. सतत थकवा, धाप आणि फिकेपणा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. अशा मुलीला "लक्ष देत नाहीस" असे सुनावत राहणे अन्यायाचे आहे.

सहावी तपासणी : परीक्षागृह

कोरा कागद व्यवस्थित भरत असेल, झोप पुरेशी असेल आणि तरीही परीक्षेत अडत असेल, तर दोष प्रत्यानयनाच्या वेळच्या परिस्थितीत शोधावा. घरी सराव प्रश्नपत्रिका घ्यावी, पण ती खुर्ची-टेबलावर बसून, घड्याळ लावून, पूर्ण तीन तास आणि कोणालाही काही न विचारता. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ साली पाण्यात बुडी मारणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि काठावर पाठ केलेले काठावर. वर्गाच्या बाबतीत हा परिणाम इतका ठळक नसतो, तरी नेहमी पलंगावर लोळून वाचलेले बाकावर बसून, पर्यवेक्षकांच्या नजरेखाली आठवायचे असेल तर त्याचा सराव हवाच. दोन-तीन निरनिराळ्या जागी बसून आठवण्याचा सराव केल्यास आठवण एका जागेला बांधलेली राहत नाही.

भीतीचा विचारही याच ठिकाणी करावा. यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या उंदरांवरील प्रयोगांपासून पुढे आलेला नियम सांगतो की अवघड कामासाठी मध्यम उत्तेजन (मनाची आणि शरीराची उत्तेजित अवस्था) उपयोगी असते आणि अतिरेकी उत्तेजन घातक ठरते. भीती पूर्ण घालवणे हे ध्येय ठेवू नये, कारण थोडी धडधड उपकारकच असते. डोके रिकामे झाले तर पेन खाली ठेवावे, श्वास सावकाश सोडत चार-पाच वेळा श्वसन करावे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याऐवजी त्या धड्यातली आठवणारी कोणतीही गोष्ट कच्च्या कामाच्या जागी लिहावी. एक दुवा सापडला की शेजारचे मुद्दे पुष्कळदा त्याच्यामागून येतात. हेही सरावात करून पाहिलेले असावे, परीक्षेत पहिल्यांदा करू नये.

सातवी तपासणी : तपासून आलेली उत्तरपत्रिका

ही तपासणी फुकट आहे, पण सर्वांत जड जाते, म्हणून शेवटी ठेवली आहे. महाविद्यालयातील चाचणीची किंवा सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन बसावे आणि गेलेल्या प्रत्येक गुणासमोर कारण लिहावे : वाचलेच नव्हते, वाचले होते पण आठवले नाही, आठवले पण प्रश्न वेगळाच समजलो, किंवा वेळ पुरला नाही. या चार रकान्यांची बेरीज केली की "मला काहीच येत नाही" हे वाक्य टिकत नाही. मुले ती बेरीज पुन्हा करून पाहतात, इतकी ती त्यांना अनपेक्षित असते. स्मरणाची तक्रार घेऊन आलेल्यांचे अर्धेअधिक गुण "वेळ पुरला नाही" या रकान्यात गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यावर स्मरणशक्तीचा कोणताही उपाय चालणार नव्हता.

या तपासणीमागे मानसशास्त्रज्ञ वायनर यांचा कारणारोपणाचा, म्हणजे यशापयशाची कारणे आपण कशी लावतो याचा, सिद्धांत आहे. अपयशाचे कारण आपण स्थिर आणि हाताबाहेरचे मानले ("माझं डोकंच चालत नाही"), तर प्रयत्न थांबतात. तेच कारण बदलता येणारे आणि आपल्या हातातले मानले, तर पुढचे पाऊल सुचते. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत टाळता न येणारा त्रास वारंवार भोगलेले प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही बहुधा जागचे हलले नाहीत. सलग दोन-तीन परीक्षांत नापास झालेल्या, घरात भावंडांशी तुलना ऐकत आलेल्या मुलात हीच शिकलेली असहायता दिसते. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की उत्तरपत्रिका पाहताना "किती पडले" हा प्रश्न दुसरा ठेवावा आणि "कोणत्या रकान्यात गेले" हा पहिला विचारावा.

कोठे थांबावे आणि कोणाकडे जावे

वरील बदल तीन-चार आठवडे प्रामाणिकपणे करूनही फरक पडला नाही, तर स्वतःवर आणखी प्रयोग करू नयेत. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकावरून आजाराचे निदान करण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, तोही आवरावा. स्मरणशक्ती वाढवण्याची हमी देणाऱ्या गोळ्या आणि शिबिरे यांवर पैसे घालू नयेत.

पुढील गोष्टींत तर तीन आठवडेही थांबू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, झोप किंवा भूक बिघडणे, परीक्षेच्या विचाराने छाती धडधडून श्वास कोंडल्याचे झटके येणे, असे काही असेल तर तज्ज्ञांना भेटावे. लहानपणापासूनच अक्षरे उलटसुलट होणे, वाचनाचा वेग फारच कमी असणे किंवा साधे हिशेब सतत चुकणे, असे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, त्यामुळे हे काम परीक्षेचा अर्ज भरण्याच्या बरेच आधी करावे. डोक्याला मार लागल्यानंतर, आकडी आल्यानंतर किंवा अचानक विसर पडू लागला तर थेट डॉक्टरांकडे जावे.

जगण्यात अर्थ नाही, मरावेसे वाटते, असे कोणी बोलले तर त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

औषधाची गरज आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, कारण ते वैद्यकीय डॉक्टर असतात. मानसशास्त्रीय चाचण्या आणि समुपदेशन यांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, मानसोपचार विभागात चौकशी करावी. जाताना सात दिवसांची झोपेची नोंद, लाल शाईने भरलेले दोन-तीन कागद आणि चार रकान्यांची उत्तरपत्रिका बरोबर न्यावी, आणि चालू असलेली सर्व औषधे, घरगुती काढे आणि चूर्णे धरून, डॉक्टरांना सांगावीत.